एकच कोड, अनेक प्रोसेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप इंटेलचा, क्लाउडमधला सर्व्हर आर्मचा, शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याकडे ॲपल सिलिकॉनचा मॅक आणि ग्राहकाच्या डेटा सेंटरमध्ये आयबीएमचं मेनफ्रेम. आज एकाच प्रॉडक्टच्या वाट्याला हे सगळं येऊ शकतं. अशा वेळी नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक लिनक्सवरच्या सी आणि सी++ ची आहेत, कारण प्रोसेसरमधले फरक तिथे सगळ्यात आधी उघडे पडतात. गो, रस्ट, जावा, पायथनवाल्यांसाठीही जागोजागी लिहिलं आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: टेस्ट पास झाली एवढ्यावर थांबू नका, ती जिथे चालली तिथे कोणती चूक दिसू शकते आणि कोणती दिसूच शकत नाही, हे माहीत करून घ्या.

कोड एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतोय. मग दुसरीकडे वेगळी चाचणी कशाला?

"चालतोय" याचा अर्थ पुष्कळदा "एक्स८६ सांभाळून घेतोय" एवढाच असतो. १९७८ च्या इंटेल ८०८६ पासून हा वंश मागचं सगळं जपत आला आहे. अलाइन नसलेला, म्हणजे डेटाच्या आकाराच्या पटीत न बसणारा, पत्ता दिला तरी तो वाचतो. मेमरीत लिहिण्याचा क्रम जवळपास जसाच्या तसा ठेवतो. मेमरीत नवा मशीन कोड लिहून लगेच तिकडे उडी मारली तरी जुनी इन्स्ट्रक्शन चालवत नाही. त्यामुळे भाषेच्या नियमांनुसार चुकीचा असलेला कोडसुद्धा बरोबर उत्तरं देत राहतो. आर्म, रिस्क-फाइव्ह, पॉवर या इतर प्रोसेसर-कुळांवर यातली एकेक सवलत कमी होते आणि आधीपासून असलेली चूक वर येते.

शिवाय खालचं हार्डवेअर बदलण्याचा निर्णय दर वेळी आपल्या हातात नसतो. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेच्या परम महासंगणकांचंच पाहा. १९९१ चा परम ८००० इनमॉसच्या ट्रान्सप्युटरवर उभा होता, १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर. त्यानंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर आला आणि परम युवा इंटेल झिऑनवर. या प्रवासात मेमरीतला बाइटक्रम लिटल-एंडियनवरून (संख्येचा लहान बाइट आधी) बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) झाला आणि पुन्हा लिटल-एंडियनवर आला. हवामानाचं किंवा द्रवगतिशास्त्राचं एखादं मॉडेल या मशीनवरून त्या मशीनवर नेत राहायचं, तर आधीच्या प्रोसेसरच्या सवयी गृहीत धरून भागत नाही. आता तोच प्रसंग सगळ्यांवर आला आहे: २०१८ मध्ये ॲमेझॉनचा पहिला ग्रॅव्हिटॉन हा आर्म सर्व्हर-प्रोसेसर आला, नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकसाठी ॲपलचा आर्म-आधारित एम१, आणि आज मुंबई रीजनमध्येही आर्म सर्व्हर भाड्याने मिळतो. खर्च वाचतो म्हटल्यावर "पुढच्या महिन्यात आर्मवर जाऊ" असा निरोप यायला वेळ लागत नाही.

आमचं सगळं जावा, पायथन किंवा नोडमध्ये आहे. आम्हाला काय फरक पडणार?

तुमच्या स्वतःच्या कोडला कमी, तुमच्या डिपेन्डन्सींना बराच. पायथनची वैज्ञानिक पॅकेजं आतून सी, सी++ आणि फोरट्रानची असतात. त्या आर्किटेक्चरसाठी तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) नसेल, तर पिप हा इन्स्टॉलर सोर्सवरून बिल्ड करायला घेतो आणि सडपातळ कंटेनरमध्ये कंपाइलर नाही म्हणून अडतो. जावात जेएनआय (सी कोड बोलावण्याची सोय) वापरणाऱ्या लायब्ररीच्या जारमध्ये कोणकोणत्या प्रोसेसरच्या एसओ (नेटिव्ह लायब्ररी) फाइली आहेत, ते उघडून पाहा. नोडमध्ये नोड-जिप (सी++ चे भाग बिल्ड करणारं साधन) वापरणारी पॅकेजं तपासा. रिस्क-फाइव्हकडे जायचं असेल, तर ही यादी पहिल्याच दिवशी करा. तिथे तयार बायनरींची उणीव अजून ठळक जाणवते.

मॅकवर बांधलेली डॉकर इमेज सर्व्हरवर "एक्झेक फॉरमॅट एरर" का देते?

ईएलएफ, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या फाइलच्या फॉरमॅटमधल्या, प्रत्येक बायनरीच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये मशीनचा क्रमांक असतो: एक्स८६-६४ साठी ६२, आर्म६४ साठी १८३, रिस्क-फाइव्हसाठी २४३. एम-सीरिजच्या मॅकवर काही न सांगता बांधलेली इमेज १८३ ची होते. ६२ ओळखणारं कर्नल ती चालवायला नकार देतं आणि तुम्हाला ही एरर दिसते. उलटही होतं. मॅकवर एक्स८६ ची इमेज ओढली तर ती इम्युलेशनखाली निमूटपणे चालते आणि "डॉकर एवढं हळू का झालं?" असा प्रश्न पडतो.

बिल्ड करताना प्लॅटफॉर्म स्पष्ट लिहा. दोन्हीकडे पाठवायची असेल तर डॉकरचं बिल्डएक्स वापरून एकाच टॅगखाली दोन्ही इमेज ठेवा. ओढणाऱ्या मशीनला तिची इमेज आपोआप मिळते. एक खाचखळगा मात्र कायम नडतो. बेस इमेज दोन्हींसाठी असते, पण डॉकरफाइलमध्ये मध्येच कुणीतरी "एएमडी६४" असं नाव असलेली टारबॉल डाउनलोड केलेली असते. बिल्ड यशस्वी होतो आणि ती बायनरी पहिल्यांदा बोलावली जाईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून इमेज तयार झाल्यावर आतल्या बायनरींवर "फाइल" कमांड फिरवणारी एक पायरी पाइपलाइनमध्ये घाला.

स्क्रिप्टमधली नावंही सांभाळा. "यूनेम -एम" लिनक्सवर "एआर्च६४" म्हणतो, मॅकवर "आर्म६४". डॉकर आणि डेबियन "एएमडी६४" म्हणतात, तर तेच मशीन यूनेमला "एक्स८६_६४" आहे. या चारही स्पेलिंगांची गाठ एकाच फंक्शनमध्ये घाला, प्रत्येक स्क्रिप्टमध्ये नको.

क्रॉस-कंपाइल (एका प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी बिल्ड) करावं की त्या त्या मशीनवरच बिल्ड करावं?

गो असेल आणि सीगो (गोमधून सी कोड बोलावण्याची सोय) वापरत नसाल, तर क्रॉस-कंपाइल करा, विचारही करू नका. दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिले की काम झालं. रस्टमध्ये टार्गेट जोडून लिंकर नेमून द्यावा लागतो, तेही फार अवघड नाही. सी आणि सी++ मध्ये कंपाइलर मिळणं सोपं असतं, खरी कटकट सिसरूटची. लक्ष्य मशीनची हेडर आणि लायब्ररी वेगळ्या झाडात ठेवावी लागतात आणि लायब्ररींचे पत्ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगने चुकून आपल्या लॅपटॉपची उचलली, तर एरर भलत्याच ठिकाणी येतो. कॉन्फिगर स्क्रिप्ट छोटा प्रोग्राम चालवून उत्तर शोधत असेल तर तेही अडतं, कारण तो प्रोग्राम इथे चालणारच नाही.

क्यूइमू या इम्युलेटरखाली अख्खा बिल्ड चालवणं सुरुवातीला आकर्षक वाटतं, कारण डॉकरफाइलला हात लावावा लागत नाही. पण कंपाइलरचं काम इम्युलेशनखाली कित्येक पट हळू होतं. मोठ्या सी++ प्रकल्पात ते दुखतं. डॉकरफाइलमधला बिल्डचा टप्पा बिल्डप्लॅटफॉर्मवर (बिल्ड करणाऱ्या मशीनच्या आर्किटेक्चरवर) ठेवून तिथे क्रॉस-कंपाइल करणं, आणि फक्त शेवटचा टप्पा लक्ष्य आर्किटेक्चरचा ठेवणं, हा मधला मार्ग मला सगळ्यात व्यवहार्य वाटतो. सीआयमध्ये (दर कमिटला आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेत) खरं आर्म मशीन मिळत असेल, तर मात्र सरळ तिथेच बिल्ड करा.

क्यूइमूवर सगळ्या टेस्ट पास झाल्या. एवढं पुरे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं क्यूइमू दोन तऱ्हांनी वापरतात. सिस्टिम मोडमध्ये अख्खं मशीन उभं राहतं, कर्नलसकट. यूझर मोडमध्ये फक्त तुमचा प्रोग्राम परक्या आर्किटेक्चरचा असतो. त्याच्या इन्स्ट्रक्शनचे गठ्ठे होस्टच्या इन्स्ट्रक्शनमध्ये भाषांतरित होतात आणि सिस्टिम कॉल थेट होस्टच्या कर्नलकडे जातात. लिनक्सच्या बिनएफएमटी-मिस्क सोयीमुळे तो १८३ क्रमांक दिसताच कर्नल फाइल क्यूइमूकडे सोपवतं. म्हणून आर्मची बायनरी एक्स८६ वर नेहमीच्या प्रोग्रामसारखी चालते.

या पद्धतीत मोठी मजल मारता येते. बाइटक्रमाच्या चुका, स्ट्रक्चरच्या मांडणीतला फरक, कॅर टाइपचं चिन्ह, शून्याने भागाकार, दशांशाचं पूर्णांकात रूपांतर, फक्त एक्स८६ साठी लिहिलेली इनलाइन असेंब्ली: हे सगळं क्यूइमू इमानाने दाखवतं, कारण प्रत्येक इन्स्ट्रक्शनचं उत्तर काय यावं हे ते बरोबर पाळतं. डीबगिंगही चांगलं होतं. यूझर मोडला "-जी" आणि पोर्ट क्रमांक द्या, दुसऱ्या टर्मिनलवरून जीडीबी-मल्टिआर्च जोडा.

जे ते दाखवत नाही, त्याची यादी भिंतीवर लावण्यासारखी आहे. पहिली गोष्ट, मेमरीचा क्रम. आर्म प्रोसेसर लिखाणं आणि वाचनं पुढेमागे करू शकतो. पण एक्स८६ होस्टवर ती शेवटी एक्स८६ च्याच लिखाण-वाचनांत बदलतात आणि होस्टची शिस्त त्यांना लागू होते. म्हणजे ज्या चुकीसाठी तुम्ही आर्मवर टेस्ट करताय, तीच चूक तिथे झाकली जाते. दुसरी, कॅश. क्यूइमू कॅशची नक्कल करत नाही, त्यामुळे चालता चालता मशीन कोड बनवणाऱ्या जेआयटी कंपाइलरने इन्स्ट्रक्शन कॅश साफ करायची विसरली तरी क्यूइमूखाली ते सुरळीत चालेल आणि खऱ्या आर्मवर अधूनमधून कोसळेल. तिसरी, मेमरीच्या पानाचा आकार. यूझर मोडमध्ये तो साधारणपणे होस्टचाच असतो. आणि चौथी, वेग. क्यूइमूखाली घेतलेल्या बेंचमार्कवरून खऱ्या चिपबद्दल काहीही ठरवू नका.

एक उलट धोकाही आहे. क्यूइमूमध्ये एखादी टेस्ट टाइमआउट झाली किंवा पीट्रेस (दुसऱ्या प्रोसेसवर नजर ठेवणारा सिस्टिम कॉल) वापरणारी फसली, तर लोक ती "आर्मवर फेल" म्हणून बंद करून टाकतात. बंद करण्याआधी ती एकदा खऱ्या मशीनवर चालवून पाहाच.

एक्स८६ वर कधीच न बिघडलेला मल्टिथ्रेडेड कोड आर्मवर महिन्यातून एकदा का बिघडतो?

एक थ्रेड आधी "डेटा" मध्ये ४२ लिहितो, मग "तयार" या खुणेत १. दुसरा थ्रेड "तयार" १ होईपर्यंत फिरत राहतो आणि मग "डेटा" वाचतो. दोन्ही साधी व्हेरिएबल आहेत. कागदावर ४२ च वाचला जाणार.

एक्स८६ वर, कंपाइलरने मध्ये काही हलवलं नाही तर, तसंच होतं. त्याच्या नियमात फक्त एक सूट आहे: आधीचं लिखाण अजून स्टोअर बफरमध्ये असताना पुढचं वाचन उरकून घेता येतं. लिखाणं आपापसात क्रम सोडत नाहीत, वाचनंही सोडत नाहीत. आर्मवर दोन वेगळ्या पत्त्यांवरची दोन लिखाणं दुसऱ्या कोअरला उलट्या क्रमाने दिसू शकतात आणि वाचणारा कोअरही "डेटा" आधीच वाचून ठेवू शकतो. "तयार" १ दिसतं आणि "डेटा" अजून जुनाच. हे घडायला नेमका योग जुळून यावा लागतो, म्हणून ते लोड वाढल्यावर, एखाद्या रात्री, एकाच सर्व्हरवर दिसतं आणि पुन्हा सापडत नाही.

उपाय २०११ पासून सी आणि सी++ या दोन्ही भाषांमध्ये आहे. "तयार" ॲटॉमिक करा, लिहिताना रिलीज, वाचताना अक्वायर. एक्स८६ वर याची किंमत जवळपास शून्य, कारण तिथे साधी मूव्ह इन्स्ट्रक्शनच निघते. आर्म६४ वर एसटीएलआर आणि एलडीएआर या खास इन्स्ट्रक्शन निघतात. व्होलटाइल लावून हा प्रश्न सुटत नाही. ते कंपाइलरला आवरतं, प्रोसेसरला आवरत नाही. जुन्या कोडमध्ये थ्रेडांमध्ये वाटून घेतलेलं व्होलटाइल दिसलं की तिथे थांबून नीट वाचा.

दिलासा असा, की ही चूक शोधायला आर्म मशीन लागत नाही. थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडांमधली डेटाची शर्यत, म्हणजे डेटा रेस, शोधणारं कंपाइलरचं साधन) भाषेचे नियम तपासतो, प्रोसेसरचे नाही. त्यामुळे एक्स८६ च्या लॅपटॉपवरही तो ही शर्यत पकडतो. प्रोग्राम साधारण ५ ते १५ पट हळू होतो, तरीही माझ्या मते पोर्टिंगच्या कामातला हा सगळ्यात मोलाचा एक तास. त्याची मर्यादाही सांगतो: दोन्ही व्हेरिएबल रिलॅक्स्ड ॲटॉमिक असतील, तर भाषेच्या दृष्टीने शर्यत उरत नाही आणि सॅनिटायझर गप्प राहतो, क्रम मात्र चुकीचाच असतो. तिथे माणसानेच वाचून तपासायचं आणि खऱ्या, जास्त कोअरच्या आर्म सर्व्हरवर ताण द्यायचा.

ॲपलच्या चिपबद्दल एक बारकावा. रोझेटा २ या ॲपलच्या भाषांतरकाखाली एक्स८६ चे प्रोग्राम चालताना प्रोसेसर स्वतः एक्स८६ चा क्रम पाळणाऱ्या मोडमध्ये जातो. म्हणून "मॅकवर रोझेटाखाली चाललं, म्हणजे आर्मवर चालेल" हा निष्कर्ष काढता येत नाही. नेटिव्ह आर्म बिल्डच चालवा.

मराठी मजकूर आला की आर्म लिनक्सवर आमचा पार्सर चुकतो, इंग्रजी मात्र ठीक चालतो. असं का?

"ठ" हे अक्षर घ्या. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट होतात: २२४, १६४, १६०. सी भाषेत एका बाइटाच्या साध्या कॅर टाइपला ऋण-धन चिन्ह असावं की नसावं, हे कंपाइलर आणि प्लॅटफॉर्मवर सोडलेलं आहे. एक्स८६ लिनक्सवर त्याला चिन्ह असतं, म्हणून तेच बाइट −३२, −९२, −९६ असे वाचले जातात. आर्म लिनक्सवर, तसंच पॉवर, एस३९०एक्स (आयबीएमचं मेनफ्रेम) आणि रिस्क-फाइव्हवर, चिन्ह नसतं आणि ते २२४, १६४, १६० च राहतात.

आता कुणीतरी "बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर ते इंग्रजी अक्षर नाही" अशी अट लिहिलेली असते. एक्स८६ वर ती छान चालते. आर्म लिनक्सवर ती कधीच खरी होत नाही आणि अख्खा मराठी मजकूर इंग्रजीच्या वाटेने जातो. इंग्रजी अक्षरं १२८ च्या आतच असल्याने त्यांच्यात हा फरक दिसतच नाही, म्हणून इंग्रजीतल्या टेस्ट दोन्हीकडे हिरव्या. एक्स८६ वाल्यांनीही निश्चिंत राहू नये: तोच बाइट २५६ खणांच्या तक्त्याची जागा म्हणून वापरला, तर −३२ व्या खणात, म्हणजे तक्त्याच्या बाहेर वाचन होतं.

याच्याच शेजारची जुनी चूक म्हणजे गेटकॅरचं उत्तर कॅर मध्ये ठेवून ईओएफ या फाइल संपल्याच्या खुणेशी, म्हणजे −१ शी तुलना करणं. चिन्ह नसलेल्या कॅर मध्ये −१ चे २५५ होतात, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप संपतच नाही.

दुरुस्ती: बाइट म्हणून हाताळायचं ते अनसाइन्ड कॅर, छोटी संख्या म्हणून हाताळायचं ते इंट८. चाचणी: एक्स८६ वरच "-एफअनसाइन्ड-कॅर" हा पर्याय देऊन सगळ्या टेस्ट पुन्हा चालवा. जीसीसी आणि क्लँग दोघेही तो मानतात. लिनक्स कर्नलने तर २०२३ च्या ६.२ आवृत्तीपासून सगळ्याच आर्किटेक्चरवर चिन्हरहित कॅर ठरवून टाकला. ॲपलच्या आर्म६४ वर मात्र कॅर ला चिन्ह असतं, त्यामुळे मॅकवर टेस्ट पास झाली म्हणून आर्म लिनक्सची खात्री होत नाही. आणि टेस्टच्या डेटात मराठी, कन्नड, तमिळ मजकूर ठेवाच. आपल्याकडच्या वापरकर्त्यांची नावं-गावं त्याच लिप्यांत येणार आहेत.

आता सगळंच लिटल-एंडियन आहे. बिग-एंडियनवर टेस्ट करण्यात अर्थ आहे का?

तुमचा कोड फाइलचा किंवा नेटवर्कचा फॉरमॅट वाचत-लिहीत असेल, तर माझं उत्तर हो आहे, ग्राहकाकडे तसं एकही मशीन नसलं तरी.

पुन्हा "ठ" च पाहू. त्याचा युनिकोड क्रमांक ०९२०, सोळा आकडी पद्धतीत. यूटीएफ-१६ मध्ये त्याचे दोन बाइट ०९ आणि २०. वाचणाऱ्याने क्रम उलटा धरला तर २००९ होतं, आणि २००९ ही युनिकोडमधली एक बारीक रिकामी जागा आहे. म्हणजे अक्षर नुसतं गायब. "र" चा क्रमांक ०९३०, उलटा केला की ३००९, चिनी-जपानी मजकुरात वापरला जाणारा कोनी कंस. मेमरीतलं स्ट्रक्चर उचलून जसंच्या तसं फाइलमध्ये ओतणाऱ्या कोडमध्ये नेमकं हेच होत असतं; दोन्ही टोकं लिटल-एंडियन असेपर्यंत ते उघडकीला येत नाही. तीच फाइल जावाच्या डेटा-इनपुट-स्ट्रीमने वाचायला गेलात की कळतं, कारण तो कुठल्याही मशीनवर बिग-एंडियनच वाचतो.

यासाठी मशीन विकत घ्यायची गरज नाही. हा क्यूइमूचा हक्काचा प्रांत. एस३९०एक्सची यूझर मोड इमेज घ्या आणि फक्त फॉरमॅटच्या टेस्ट रोज रात्री तिथे चालवा. कोडमध्ये "मशीन बिग-एंडियन असेल तर" अशा अटी पेरू नका. बाइट उचलून शिफ्ट करून संख्या जोडा; आधुनिक कंपाइलर बहुधा त्याची एकच लोड इन्स्ट्रक्शन करतो आणि कोड सगळीकडे बरोबर राहतो.

गणिताची उत्तरं शेवटच्या अंकात वेगळी येतात. प्रोसेसर चुकतोय का?

नाही. आर्म६४ मध्ये गुणाकार आणि बेरीज एका दमात करणारी इन्स्ट्रक्शन मूळ संचातच आहे. ती एकदाच राउंडिंग करते. वेगवेगळं केलं की दोनदा होतं. जीसीसी आपणहून हे जोडकाम करतं. एक्स८६-६४ च्या मूळ संचात ती इन्स्ट्रक्शन नाही, म्हणून तिथे नेहमीच्या बिल्डमध्ये जोडकाम होत नाही. तंतोतंत तेच उत्तर हवं असेल तर "-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ" द्या. गोसुद्धा आर्म६४ वर हे करतं. तिथे गुणाकार स्पष्टपणे फ्लोट६४ मध्ये रूपांतरित केला की जोडकाम थांबतं. तसंच लाँग डबल: एक्स८६ लिनक्सवर ८० बिटांचा, आर्म६४ लिनक्सवर १२८ बिटांचा आणि तोही सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून संथ, ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर तो साधा डबलच.

शेवटच्या अंकापेक्षा मोठे फरकही आहेत. ३०० कोटी हा डबल ३२ बिटी इंटमध्ये टाकला, तर एक्स८६ वर साधारणतः −२१४७४८३६४८ मिळतं आणि आर्मवर २१४७४८३६४७. "नॅन" (संख्या नसलेलं मूल्य) टाकलं तर एक्स८६ वर पुन्हा तेच ऋण, आर्मवर ०, रिस्क-फाइव्हवर २१४७४८३६४७. पूर्णांकाला शून्याने भागलं तर एक्स८६ वर प्रोसेस सिग्नल खाऊन मरते. आर्म६४ शांतपणे ० देतो, रिस्क-फाइव्ह −१. यातलं मला सगळ्यात काळजीचं वाटतं ते आर्मचं शांत शून्य. पैशांच्या हिशेबात क्रॅश झालेला परवडला, कारण तो दिसतो. सी भाषेत हे सगळंच अनडिफाइन्ड आहे. भाजक शून्य आहे का हे स्वतः तपासा आणि टेस्ट यूबीसॅन (अनडिफाइन्ड वर्तन पकडणारं कंपाइलरचं साधन) लावून चालवा. दशांशाच्या रूपांतराची तपासणी त्यात वेगळी चालू करावी लागते. जावा आणि रस्टने ही उत्तरं भाषेतच ठरवून टाकली आहेत, त्यांना ही चिंता नाही.

पानाचा आकार एवढा महत्त्वाचा का?

४०९६ हा आकडा कोडमध्ये ठिकठिकाणी लिहिलेला सापडतो म्हणून. एक्स८६ वर पान ४ केबीचं. आर्म६४ कर्नल ४, १६ किंवा ६४ केबीचं ठेवू शकतं. ॲपल सिलिकॉनवर १६. रास्पबेरी पाय ५ चं नेहमीचं कर्नलही १६ चं, म्हणून स्वस्तातली चाचणी तिथे होते. फाइल मेमरीत जोडणाऱ्या एमएमॅपचा ऑफसेट पानाच्या पटीत नसेल तर कॉल नाकारला जातो. जेमॅलॉक हा मेमरी ॲलोकेटर ४ केबीसाठी बिल्ड केलेला असेल, तर ६४ केबीच्या कर्नलवर सुरूच होत नाही. मोठ्या पानासाठी बिल्ड केलेला छोट्यावर चालतो. अँड्रॉइडवाल्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही: अँड्रॉइड १५ पासून १६ केबी पानांचा सपोर्ट आहे, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेने अँड्रॉइड १५ व पुढच्या आवृत्त्या लक्ष्य करणाऱ्या ॲपना तशी अट घातली आहे. नेटिव्ह लायब्ररी नव्या एनडीकेने (अँड्रॉइडच्या नेटिव्ह कोडचं किट) पुन्हा लिंक करा. दुसऱ्या कंपनीचं बंद एसडीके वापरत असाल, तर त्यांच्याकडून नवी आवृत्ती लेखी मागून घ्या.

"इलिगल इन्स्ट्रक्शन" येतं, पण आर्किटेक्चर तर तेच आहे!

आर्किटेक्चर तेच, पिढी वेगळी. "-मार्च=नेटिव्ह" ने सीआयच्या नव्या मशीनवर बिल्ड केलं आणि ग्राहकाच्या जुन्या मशीनवर ती इन्स्ट्रक्शन नाही, हे नेहमीचं. आर्ममध्येही तसंच: रास्पबेरी पाय ४ चा कॉर्टेक्स-ए७२ आर्मव्ही८.० चा आहे, म्हणून आर्मव्ही८.२ मागणारा मोंगोडीबी ५.० त्यावर चालत नाही. डिस्ट्रिब्युशनही पायरी चढवत असतात. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ला एक्स८६-६४-व्ही२ लागतं, १० ला व्ही३. उबंटू २५.१० ने रिस्क-फाइव्हसाठी आरव्हीए२३ ही पायरी धरल्यावर बाजारातले बहुतेक जुने बोर्ड बाहेर राहिले. किमान कोणत्या पिढीवर चालेल हे ठरवा, लिहून ठेवा आणि क्यूइमूला नेमकं तेच सीपीयू मॉडेल देऊन तपासा.

एसएसई किंवा एव्हीएक्समध्ये (अनेक संख्या एकदम हाताळणाऱ्या एक्स८६ च्या इन्स्ट्रक्शन) हाताने लिहिलेला कोड आहे. त्याचं काय?

आधी साध्या सी मधली आवृत्ती लिहा. ती संदर्भ म्हणून कायम ठेवा आणि प्रत्येक वेगवान आवृत्तीची तिच्याशी यादृच्छिक डेटावर तुलना करा. लवकर चालू करायचं असेल तर सिमडीई हेडर एसएसईच्या कॉलना आर्मच्या निऑनमध्ये बसवून देतात. नव्याने लिहायचं असेल तर हायवेसारखी लायब्ररी बरी.

आर्मवर वेग कसा मोजावा?

खऱ्या मशीनवर आणि खऱ्या लोडखाली. ग्रॅव्हिटॉनचा व्हीसीपीयू (भाड्याने मिळणारा आभासी सीपीयू) म्हणजे अख्खा कोअर, तर क्लाउडमधल्या बहुतेक इंटेल मशीनवर तो हायपरथ्रेड, म्हणजे एका कोअरच्या दोन वाट्यांपैकी एक, असतो. त्यामुळे एका थ्रेडच्या आकड्यावरून निर्णय घेतला तर फसगत होते. कॅश लाइनही (कॅश एका वेळी हाताळतं तो मेमरीचा तुकडा) पाहा: इंटेल-एएमडीवर ६४ बाइट, ॲपलवर १२८, आयबीएम झेडवर २५६. काउंटर वेगळे ठेवायला ६४ बाइटांचं पॅडिंग घातलं असेल, तर ते तिथे अपुरं पडतं.

सीआयमध्ये नेमकं काय चालवावं?

छोट्या टीमसाठी मी असं मांडेन. प्रत्येक कमिटला एक्स८६ आणि खऱ्या आर्म६४ वर पूर्ण टेस्ट. त्याच कमिटला एक्स८६ वर यूबीसॅन आणि चिन्हरहित कॅर. रोज रात्री थ्रेड सॅनिटायझर, आणि क्यूइमूखाली एस३९०एक्सवर फॉरमॅटच्या टेस्ट. रिलीजआधी जास्त कोअरच्या आर्म सर्व्हरवर काही तास ताण. एका आर्किटेक्चरवर तयार केलेली फाइल दुसऱ्यावर नीट वाचली जाते ना, हे मुद्दाम तपासा. दोन्हीकडे स्वतंत्रपणे हिरवं दिसत असतानाही हीच जागा सुटलेली असते.

एखादी टेस्ट एकाच आर्किटेक्चरवर अधूनमधून फेल होत असेल, तर तिला "फ्लेकी" ठरवून तीनदा चालवण्याची सेटिंग कृपा करून लावू नका. वरचा ४२ चा किस्सा नेमका असाच दिसतो.

मशीन कुठून आणायची? विद्यार्थ्याला परवडेल का?

गिटहबने जानेवारी २०२५ पासून सार्वजनिक रिपॉझिटरींना आर्म६४ लिनक्सचे रनर फुकट उपलब्ध केले आहेत. सुरुवात तिथून करा. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना जीसीसी कंपाइल फार्म खातं देतं, तिथे पॉवर, स्पार्क, रिस्क-फाइव्ह अशी मशीन एसएसएचने वापरता येतात. खरा एस३९०एक्स हवा असेल तर आयबीएमचा लिनक्सवन कम्युनिटी क्लाउड आहे. घरी एखादा रास्पबेरी पाय असेल तर त्यावर ६४ बिटी लिनक्स टाका.

रिस्क-फाइव्हचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही प्रोसेसर याच इन्स्ट्रक्शन संचावर बांधलेले आहेत. डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत रिस्क-फाइव्हला अधिकृत आर्किटेक्चर म्हणून घेतलं. त्यामुळे क्यूइमूच्या सिस्टिम मोडमध्ये अख्खं डेबियन चढवून, तुमच्या आवडत्या लायब्ररीच्या टेस्ट तिथे चालवता येतात. जी फेल होईल ती आधी यूबीसॅनखाली लॅपटॉपवर चालवा; तिथेही फेल झाली तर मूळ प्रकल्पाला पॅच पाठवा, त्याचा उपयोग एक्स८६ वाल्यांनाही होईल.